तिरक्या पट्ट्यातला माणूस

आमच्या समाजात चित्रकलेचा विषय निघाला की दोन उत्तरे तयार असतात. माणसाची तसवीर काढूच नये, वेलबुट्टी आणि खुशखत आपल्याला पुरे, हे पहिले. दुसरे शिकलेल्यांचे: आधुनिक म्हणजे अमूर्त, त्यात माणूस शोधणारा अडाणी. दोघांचे एरवी पटत नाही, पण माणसाला चित्राबाहेर घालवण्यावर एकमत! आम्हाला दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. आमचे साक्षीदार तय्यब मेहता.

1947 च्या दंगलीत महंमद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारताना तरुण तय्यबने खिडकीतून पाहिले. ते दृश्य त्यांना जन्मभर सुटले नाही. 1968 साली ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले, तिथे बार्नेट न्यूमनचे सपाट रंगांचे प्रचंड कॅनव्हास पाहिले. 1969 पासून त्यांच्या चित्रांत तिरका पट्टा आला. रंगाला छटा नाही, सावली नाही. मागची भिंत आणि माणसाचे अंग सारखेच सपाट. पट्टा अंगातूनच जातो. हात इकडे, धड तिकडे. पाहणारा मनात तुकडे जोडू लागतो, आणि तिथेच दुखते. हुबेहूब रक्त काढले असते तर नजर वळवता आली असती. नुसते रंग असते तर दुखलेच नसते.

2005 साली त्यांच्या ‘महिषासुर’ला दहा लाख डॉलर्सहून अधिक किंमत आली. आमच्या मंडळींनी आकडा अभिमानाने सांगितला आणि लगेच विचारले, मुसलमानाने महिषासुर का काढावा? अहो, चित्र तरी पाहा! देवी आणि असुर एकमेकांत असे गुंतले आहेत की मारणारा आणि मरणारा वेगळे काढता येत नाहीत. त्या खिडकीत उभा राहिलेल्याने दुसरे काय काढायचे होते?

सिंदी (रेल्वे)सारख्या लहान गावांतून आम्ही उर्दू शाळांत शिकवतो. एलिमेंटरी परीक्षेत संकल्पचित्र असते आणि स्मरणचित्रही. म्हणजे सरकारी अभ्यासक्रमालाही नक्षी आणि माणूस दोन्ही हवे आहेत. आमची मुले नक्षी सुरेख काढतात. स्मरणचित्रात बाजार काढायला सांगितले की दुकाने काढतात, तराजू काढतात, गिऱ्हाईक काढत नाहीत. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या मुख्याध्यापकांनी आणि त्यांना दाद देणाऱ्या पालकांनी सांगावे, त्या बाजारातली माणसे कुठे गेली?