डॉलरची सालदारकी

अमेरिकेचा व्हिसा हा आपल्या चळवळीचा प्रश्न नव्हे, तो पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू वर्गाचा प्रश्न आहे, असे मानण्याची आपल्या कार्यकर्त्यांची सवय जुनी आहे. एके काळी ती बऱ्याच अंशी रास्तही होती. १९४६ च्या कायद्याने भारताच्या वाट्याला वर्षाकाठी अवघ्या १०० जागा आल्या होत्या. १९६५ साली अमेरिकेने राष्ट्रवार कोट्याची ती जुनी पद्धत मोडीत काढली आणि उघडलेल्या दारातून जे पहिले लोक गेले ते बहुतांशी डॉक्टर, इंजिनियर व शास्त्रज्ञ होते. सरकारी खर्चाने शिकलेले आणि शहरी. या मंडळींच्या परदेशातील मिळकतीवर अधिभार बसवावा, अशी सूचना जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी केली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी तिचे स्वागत केले होते. शिक्षण समाजाने दिले, फळ परक्याने खाल्ले, असा तो सरळ हिशेब होता.

आज खानदेशात तो हिशेब तसा मांडता येत नाही. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, २०१८ पासून ते बहिणाबाई चौधरींचे नाव मिरवते. शिरपूर, धुळे, फैजपूर, भुसावळ येथील कॉलेजांतून बाहेर पडणारा मुलगा हा यावल-रावेरकडील केळीवाल्याचा किंवा शिंदखेड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा असतो. त्याच्या शिक्षणाचा खर्च समाजाने नव्हे, बापाने केलेला असतो, आणि पुष्कळदा तो जमीन गहाण टाकून केलेला असतो. अमेरिकेत एम. एस. करण्यासाठी काढलेले कर्ज रुपयांत फेडायचे म्हटले तर अर्धे आयुष्य जाईल. ते डॉलरनेच फिटू शकते. म्हणून त्या मुलाला तेथे नोकरी हवी असते. ही चैन नव्हे, हा कर्जबाजारीपणाचा अर्थव्यवहार आहे.

आणि तेथे जे घडते ते आपल्याला अपरिचित नाही. आखाजीला सालदार ठरतो आणि पुढच्या आखाजीपर्यंत त्याने दुसऱ्या मालकाचे दार पाहायचे नाही, ही खानदेशची रीत कोणाला सांगावयास नको. एच-१बी हा कामाचा व्हिसा १९९० च्या अमेरिकन कायद्यातून आजच्या रूपात आला. त्याचा पायाही याहून फार निराळा नाही. अर्ज कामगार करीत नाही, मालक करतो. जागा वर्षाला ६५,०००, अमेरिकेतील वरची पदवी असणाऱ्यांसाठी आणखी २०,०००. मागणी त्याहून किती तरी अधिक, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या जातात. मुदत तीन वर्षे, वाढवून सहा. नोकरी गेली तर फार तर ६० दिवसांत नवा मालक शोधायचा, नाही तर गाशा गुंडाळायचा. तुलना अर्थातच ताणू नये. सालदाराची मजुरी आणि याचा पगार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे; शिवाय नव्या मालकाने अर्ज दाखल करताच त्याच्याकडे रुजू होण्याची मुभा २००० सालच्या दुरुस्तीने दिली आहे. पण मोकळा कामगार आणि बांधलेला कामगार यांतील भेद पगाराच्या आकड्याने पुसला जात नाही.

ही बांधणी घट्ट होते ती ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या रांगेत. नोकरीच्या आधारे असे परवाने वर्षाला सुमारे १,४०,००० दिले जातात. त्यांत बायकामुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. आइसलँडलाही सात टक्के आणि भारतालाही सात टक्के! परिणाम असा की, उच्चशिक्षितांच्या दुसऱ्या श्रेणीत २०२५ च्या अखेरीस भारतीयांची पाळी २०१३ सालच्या अर्जांपर्यंत आलेली होती. या बारा वर्षांत व्हिसाची मुदत मालकाच्या कागदावर वाढत राहते, आणि मालक बदलला तर कागदपत्रांची बरीचशी उतरंड पुन्हा रचावी लागते. अशा माणसाने पगारवाढीसाठी आवाज चढवावा, ही अपेक्षा कशी करायची? सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक घोषणापत्र काढून, परदेशातून आणावयाच्या कामगारासाठी नवा एच-१बी अर्ज करणाऱ्या मालकावर एक लाख डॉलरचा बोजा टाकला. स्थानिक कामगाराचे हित हे त्याचे कारण सांगण्यात आले. स्थानिक कामगाराचे हित खरोखरच साधायचे असते तर परका कामगार मालकाच्या दावणीतून सोडवला असता. बांधलेला मजूर शेजारच्या मोकळ्या मजुराचीही मजुरी पाडतो, हे ट्रेड युनियनच्या पहिल्या धड्यातले सत्य आहे.

या साखळीचे एक टोक आपल्याच जिल्ह्यात आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. डिसेंबर १९४५ मध्ये महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तूप काढण्यासाठी जी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली, तिचा कारखाना अंमळनेरला निघाला. १९६६ साली धाकट्या प्रेमजींच्या हाती आलेली तीच कंपनी आजची विप्रो. खानदेशच्या शेंगदाण्यावर जिचा पाया घातला गेला ती पुढे एच-१बी वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांत अनेक वर्षे वरच्या ओळीत राहिली. अंमळनेरच्या ज्यांनी जुने शेअर जपले त्यांची भरभराट झाली, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते आणि ती खरीही आहे. परंतु तेलापासून मनुष्यबळापर्यंतच्या या प्रवासात निर्यातीचा माल काय झाला, हे त्या कौतुकात हरवते.

कुटुंबाची दशा याहून बिकट. आखाजी हा खानदेशात सासुरवाशिणीने माहेरी येण्याचा, झोके घेण्याचा सण. एच-४ या आश्रित व्हिसावर गेलेली लेक येण्यापूर्वी दहा वेळा विचार करते. कारण परतीसाठी मुंबईच्या वकिलातीत नवा शिक्का घ्यावा लागला तर तो कधी मिळेल याची शाश्वती नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मुलाखती अचानक महिनोन्महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि सुटीवर आलेली माणसे येथेच अडकून पडली. शिकलेल्या आश्रित स्त्रीला तेथे काम करण्याचा परवाना मिळू लागला तोही २०१५ पासून, आणि तोही नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज विशिष्ट टप्प्याला पोचला असेल तरच. तिचे श्रम नवऱ्याच्या मालकाच्या कागदावर अवलंबून, असा हा न्याय आहे.

आईवडिलांना कायमचे बोलावण्याचा अधिकार फक्त नागरिकाला आहे, ग्रीन कार्डवाल्याला नाही. भावाबहिणींसाठीही नागरिकच अर्ज करू शकतो, आणि त्या रांगेत २०२५ मध्ये भारतीयांची पाळी २००६ साली भरलेल्या अर्जांवर आली होती. तेव्हा पाळण्यात असलेले मूल एव्हाना २१ च्या घरात येते, आणि त्या वयानंतर ते बहुधा कुटुंबाच्या अर्जातून गळते. शिवाय १९९६ च्या कायद्याने बोलावणाऱ्याची मिळकत दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असल्याचे हमीपत्र सक्तीचे केले. नात्यालाही उत्पन्नाची अट!

आता कार्यकर्त्याने करावयाचे काय, याविषयी. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. त्यामुळे आपला कामगार तेथे दर पगारातून वर्गणी भरतो आणि दहा वर्षांची वर्गणी पुरी होण्याआधी परतला तर निवृत्तिवेतनाचा हक्क गमावतो. युरोपातील कित्येक देशांनी असे करार कधीच केले. दिल्लीच्या सरकारने व्यापाराच्या वाटाघाटींत हा मुद्दा अग्रभागी ठेवावा, अशी मागणी आपल्या खासदारांनी आणि कामगार संघटनांनी लावून धरली पाहिजे. ती ताबडतोब मान्य होईल अशा भ्रमात राहू नये.

दुसरे काम हाताशी आहे. काम नसताना एच-१बी कामगाराला बिनपगारी ‘बेंच’वर बसवणे अमेरिकन कायद्यालाच मंजूर नाही, आणि त्याविरुद्ध तेथील कामगार खात्याकडे तक्रार करता येते. हे जाणाऱ्या मुलाला येथेच सांगितले पाहिजे; कंपनी ते सांगणार नाही. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालाने १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करणे सक्तीचे आहे. पैसे मोजण्यापूर्वी नोंदणीचा दाखला मागावा, इतकी साधी गोष्टही आपल्याकडे विचारली जात नाही.

कागदांचा गोंधळ तर निव्वळ आपला आहे. आपल्या खेड्यांत एका संपूर्ण पिढीचा जन्म १ जूनला झालेला आहे, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच तारीख लिहिली. दोन सख्ख्या भावांच्या जन्मतारखांत अकरा महिन्यांचेही अंतर निघत नाही, आणि नात्याचा पुरावा तपासणारा अधिकारी साहजिकच भुवया उंचावतो. लग्नानंतर बाईचे नाव, बापाचे नाव, आडनाव सारेच बदलते. जन्माची नोंद सापडत नसेल तर ती नसल्याचा दाखला निबंधकाकडून घ्यावा लागतो, जोडीला शाळेचा दाखला आणि जाणत्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे द्यावी लागतात. त्यासाठी सामान्य माणूस तहसील कचेरीचे उंबरे झिजवतो आणि दलालाला पैसे मोजतो. धुळे व जळगाव येथील आपल्या कार्यालयांनी आठवड्यातून एक दिवस एवढ्याच कामासाठी ठेवला तर बरे होईल. त्यासाठी इंग्रजी जाणणारा एक निवृत्त कारकून आणि ग्रामपंचायतीचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर उलटून पाहण्याची चिकाटी असलेले दोन तरुण पुरे आहेत.