शिवलकरांना कोणत्या मापाने मोजायचे?
पद्माकर शिवलकर ३ मार्च २०२५ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी मुंबईत निवर्तले. श्रद्धांजलीचा सूर ओळखीचाच होता : भारताकडून खेळू न शकलेला थोर फिरकीपटू. बिशनसिंग बेदी संघात असताना दुसऱ्या डावखुऱ्याला जागा मिळणे कठीण, हे खरेच. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांच्याही वाट्याला तेच आले. पण १२४ प्रथमश्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेणाऱ्याची ओळख न मिळालेल्या कसोटीवरूनच का द्यायची? १९७२-७३ च्या रणजी अंतिम फेरीत त्यांनी चेपॉकवर तामिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ गडी टिपले होते. रणजी ही केवळ पायरी मानली, की अशी कामगिरी तळटीप ठरते. क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला तो २०१७ मध्ये, अखेरच्या सामन्यानंतर जवळपास तीन दशकांनी.