तेलही गेलं, हाती धुपाटणं!

सुपरमार्केटमधल्या मच्छरांच्या शेल्फसमोर हल्ली एखाद्या स्पामध्ये शिरल्यासारखं वाटतं. लव्हेंडर, सिट्रोनेला, निलगिरी, कडुलिंब... ज्या बाटलीवर हिरवं पान, ती आपण डोळे झाकून उचलतो. हर्बल म्हणजे सेफ, केमिकल म्हणजे डेंजर, असा आपला साधासोपा फंडा. (चिप्सचं पाकीट फोडताना हा फंडा कुठे जातो कोण जाणे!)

गंमत म्हणजे, झाडापानांच्या सुगंधी तेलांचं डासांच्या बाबतीतलं सगळ्यात इंटरेस्टिंग काम डास पळवणं हे नाहीच. ते आहे केमिकलला साथ देणं.

आपल्या रिफिलमध्ये, कॉइलमध्ये, औषध लावलेल्या मच्छरदाणीत बहुतेक वेळा असतं पायरेथ्रॉइड. मूळ माल शेवंतीच्या एका चुलत बहिणीचा, पायरेथ्रमच्या फुलांचा. पायरेथ्रॉइड ही त्याची लॅबमध्ये बनवलेली कॉपी. ते डासाच्या नसांवर घाव घालतं. पण तेच औषध वर्षानुवर्षं वापरलं की जे डास ते पचवू शकतात तेच उरतात आणि मग त्यांचीच पिलावळ वाढते. त्यांच्या अंगात विष मोडून टाकणारी एन्झाइम्स असतात, शास्त्रज्ञ त्यांना पी-४५० म्हणतात. काही तेलांमधले घटक नेमके या एन्झाइम्सना अडकवून ठेवतात. बिल्डिंगमध्ये चोरी करणारा वेगळा आणि वॉचमनला गप्पांत गुंतवणारा वेगळा असतो ना? तेल हा दुसरा गडी. वॉचमन बिझी, की थोडक्या विषातही काम फत्ते!

ही आयडिया आजची नाही. १९४० मध्ये अमेरिकेत चक्क तिळाच्या तेलाचं पेटंट घेतलं गेलं, पायरेथ्रमचा जोर वाढवणारं म्हणून. पुढे त्यातला सेसॅमिन हा घटक सापडला. मग त्याच दशकात पिपरोनिल ब्युटॉक्साइड आलं. नाव टिपिकल केमिकल, पण ते बनवायला लागणारं सॅफ्रोल मिळायचं ससाफ्रास नावाच्या झाडाच्या तेलातून. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेच पिपरोनिल घातलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस केली, जिथे डास पायरेथ्रॉइडला दाद देत नाहीत अशा भागांसाठी.

हे सगळं वाचून डोकं गच्च भरलेलं असताना सोनाळ्याला जाणं झालं. बुलढाणा जिल्ह्यातला संग्रामपूर तालुका, सातपुड्याचा पायथा, पुढे अंबाबरवा अभयारण्य. पावसाळा नुकताच सरलेला. संध्याकाळ झाली तशी ओळखीच्या काकूंनी धुपाटण्यात कडुलिंबाचा पाला टाकला. भिंतीवर मशीनही चालू होतंच.

"मशीननं काहीच फरक नाही पडून राहिला बाई," काकू म्हणाल्या. "पाला जाळला का जरासे दम धरतात, मंग येतात परत. पुण्याचा भाचा म्हणे, रिफिलमध्ये निलगिरीचं तेल टाक."

बॉस, हे करू नका! रिफिलमधलं औषध आणि द्रावण त्या हीटरच्या हिशोबाने ठरवलेलं असतं. त्यात ज्वलनशील तेल ओतून रात्रभर तापवत ठेवणं म्हणजे धोक्याला घरी बोलावणं. शिवाय निलगिरी आणि कापराचं तेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात.

आणि जोडी अशी कुणाचीही कुणाशी जमत नाही. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नैसर्गिक पायरेथ्रमला बऱ्याच तेलांनी साथ दिली, पण डेल्टामेथ्रिनला तशी साथ मिळाली नाही. पत्रिका जुळवण्यापेक्षा अवघड काम! त्यातून प्रयोगात औषध थेट डासाच्या अंगावर लावतात. आपल्या बेडरूममध्ये मात्र तेल भुर्रकन उडून जातं. काही डासांमध्ये तर विष नसेवर जिथे चिकटतं ती जागाच बदललेली असते. तिथे एन्झाइम अडवून पुरेसं भागत नाही.

सातपुड्याचं स्वतःचं तेल आहे, बरं का. रोशा गवताचं. खानदेश-निमाडात ते भट्टीवर काढायचे आणि मुंबईमार्गे ते पार तुर्कस्तानात जायचं, गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला! त्यातलं जिरॅनिऑल डासांना नकोसं वाटतं. पण नकोसं वाटणं आणि विषाचा जोर वाढवणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत पास झालेलं तेल दुसरीत पास होईलच असं नाही, आणि बाटलीवरचं हिरवं पान हा फरक कधीच सांगत नाही.

२००६ मध्ये महाराष्ट्रभर चिकुनगुन्याने लोकांना अंथरुणाला खिळवलं होतं, आठवतंय? डासांवरच्या औषधांची यादी तेव्हाही छोटी होती. नवं रसायन यायला वर्षं लागतात. गोदरेजने रेनोफ्लुथ्रिन हा भारतात तयार झालेला रेणू जाहीर केला तो २०२४ मध्ये. त्यामुळे हाताशी आहे ते औषध जास्त दिवस टिकवणं हा साधा व्यवहार आहे. घरात फवारायचं सरकारी औषध कसं बनतं माहितीये? एक भाग पायरेथ्रम अर्क, एकोणीस भाग रॉकेल. म्हणजे ज्याच्याशी तेलांची गट्टी जमली तेच पायरेथ्रम! मला विचाराल तर तेलांची पहिली खरी ट्रायल इथेच घ्यायला हवी, खेड्यातल्या खऱ्या घरांत, तिथल्याच डासांवर.

काकूंनी निलगिरीची बाटली परत फडताळात ठेवली. सर्दीला कामी येते म्हणाल्या. मग अंगणातला रांजण आडवा करून आतून खसाखसा घासला. आठवड्यातून एक कोरडा दिवस, त्यांचा शनिवार. एडिसच्या अंड्यातून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.