अपंगत्व-अभ्यास : देणगी नव्हे, भांडण

१/ समाजशास्त्राची दृष्टी विशाल झाली आणि विद्यापीठांनी अपंगांनाही अभ्यासक्रमात जागा दिली, अशी एक सोयीस्कर कथा सांगितली जाते. ब्रिटनचा इतिहास नेमका उलट आहे. तिथे या विषयाचे मूळ संशोधकांशी झालेल्या भांडणात आहे.

२/ हॅम्पशायरमधील ‘ल कोर्ट’ हे अपंगांसाठीचे निवासगृह. पॉल हंट व त्यांचे सहनिवासी तिथे अगदी साध्या हक्कांसाठी झगडत होते. रात्री कधी झोपायचे हे स्वतः ठरवण्याचा हक्क हा त्यांतलाच एक. संशोधनाने आपली बाजू भक्कम होईल, या आशेने निवाशांनीच अभ्यासकांना पाचारण केले. टॅव्हिस्टॉक संस्थेचे एरिक मिलर आणि जेराल्डिन ग्विन आले. १९७२ साली त्यांचे ‘अ लाइफ अपार्ट’ प्रसिद्ध झाले. त्यातील निदान असे : निवासी समाजाच्या लेखी मृतच आहेत; सामाजिक मृत्यूपासून शारीरिक मृत्यूपर्यंतची वाट सांभाळणे हे संस्थेचे कार्य.

३/ हंट यांनी या संशोधकांना ‘परोपजीवी’ म्हटले. (तो लेख त्यांच्या निधनानंतर, १९८१ मध्ये छापला गेला.) शब्द जहाल आहे खरा, पण जिवंतपणी ज्यांना मृत ठरवले, त्यांच्याकडून सौजन्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? शिवाय आक्षेप काटेकोर होता. ही माणसे मुळात समाजाबाहेर का ठेवली गेली, हे न विचारता संस्थेची व्यवस्था सुधारू पाहणारी तटस्थता ही तटस्थता नसते. ती व्यवस्थेची बाजू असते.

४/ १९७२ मध्येच हंट यांनी ‘गार्डियन’ला पत्र लिहून संघटनेची हाक दिली. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढून तुरुंगवास भोगलेले व्हिक फिंकेलस्टाइन त्यांना येऊन मिळाले. वेगळे कोंडून ठेवणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. १९७६ मध्ये या संघटनेने मांडले : शरीरातील उणीव वेगळी, अपंगत्व वेगळे, ते समाज लादतो. माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये त्याला ‘सामाजिक प्रतिमान’ हे नाव दिले. पाठ्यपुस्तकांत नाव राहते, भांडण गळते.

५/ मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम १९७५ मध्ये सुरू झाला. फिंकेलस्टाइन त्यात होते. शीर्षक होते ‘समाजातील अपंग व्यक्ती’, म्हणजे अभ्यासाचा विषय अजून व्यक्तीच. पुढे ते झाले ‘अपंग बनवणारा समाज’. मधे बरीच वर्षे गेली.