मूळव्याधच असेल, दुसरं काय!

पुलगावहून आर्वीकडे येताना बसच्या खिडकीतून भिंती वाचत आलं, की बियाण्यांच्या जाहिरातींमध्ये एक ओळ हमखास दिसते, 'मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन इलाज'. रोहण्यात उतरेपर्यंत ती पाठ होते. संडासवाटे रक्त गेलं की आमच्याकडच्या बाईला पहिल्यांदा हीच भिंत आठवते, डॉक्टर नाही.

मैत्रिणींनो, हा विषय सकाळच्या चहासोबत वाचायचा नाही, हे मला कळतं. पण बचत गटाच्या बैठकीत मी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं नाव काढलं, तेव्हा एक काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आता हेही सांगाव लागते का डॉक्टरले?" सगळ्या हसल्या. पाळीबद्दल आताशा आपण बोलतो, छातीतल्या गाठीबद्दलही कुजबुजतो. संडासबद्दल मात्र सख्ख्या बहिणीजवळही बोलत नाही.

खरं तर हा कॅन्सर सवड देणारा आहे. आतड्याच्या आतल्या बाजूला आधी साधी गाठ येते. तिचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-दहा वर्षं लागतात. ती वेळेत काढली, तर पुढचं सगळं टळतं. म्हणून इंग्लंडमध्ये सरकार २००६ पासून लोकांना घरपोच तपासणीचा संच पाठवतं. आता तो पन्नाशीपासून चौऱ्याहत्तरीपर्यंत दर दोन वर्षांनी येतो. काडीने विष्ठेचा कणभर नमुना घ्यायचा, नळीत बंद करायचा आणि टपालात टाकायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं. गंमत म्हणजे तिथेही पुष्कळ लोक तो संच तसाच पडू देतात. म्हणजे लाज काही आपल्याच गावची नाही!

आपल्याकडे सरकारने २०१६ मध्ये तिशीपुढच्या सर्वांसाठी तपासणी ठरवली, ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची. आतड्याचा त्यात नाही. मला यात सरकारवर रागवावंसं वाटत नाही. आपल्या देशात हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ कमी आढळतो. शिवाय संचात रक्त दिसलं, की पुढे दुर्बिणीने आतडं बघावं लागतं. ती सोय तालुक्याला कुठली? आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात तो नमुना टपालात चार दिवस राहिला, तर त्यातलं रक्तही खराब होणार. तिकडची योजना जशीच्या तशी इकडे लावून भागायचं नाही.

पण ज्या तीन तपासण्या आहेत, त्यांचं काय झालं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के. स्तनाची तर शंभरात एकीचीही नाही.

यावर लगेच म्हटलं जातं की, खेड्यातल्या बायका येतच नाहीत. हे मला मान्य नाही. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास केला. गावोगाव जाऊन, समजावून तपासणीला बोलावलं, तेव्हा दहातल्या जवळजवळ आठ जणी आल्या. शेतावर मजुरीला जाणाऱ्या, खेड्यातल्याच बायका! एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जाहीर झालं. तुलनेसाठी एका गटाची तपासणी केलीच नव्हती, त्यावर पुढे टीका झाली. मलाही ते खटकतं. पण कोणी दारात येऊन नीट विचारलं तर बाई येते, हे त्यातून दिसलंच.

आता आतड्याकडे येते. इथे आपल्याकडे चाचणीआधी विचारण्याचीच वानवा आहे. रक्त पडलं म्हणजे कॅन्सरच असं मुळीच नाही, बहुतेकदा मूळव्याधच निघते. पण ते बघून ठरवायचं असतं, भिंत वाचून नाही. आमच्या भागातल्या एक बाई तीन वर्षं चूर्ण घेत होत्या. सेवाग्रामला पोचल्या तेव्हा आजार पसरलेला होता. "पोटाले पिशवी लावतेत म्हणे," या धास्तीने आणखी काही महिने गेले होते. पिशवी प्रत्येकाला लागत नाही, कित्येकदा ती काही महिन्यांपुरतीच असते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक, ज्याकडे आपलं लक्षच जात नाही. पाळी थांबलेल्या बाईचं रक्त कमी निघालं, की आपण लोहाच्या गोळ्या देऊन मोकळे होतो. अहो, पाळी नाही, तर रक्त जातंय कुठे? ते आतड्यातून झिरपत असू शकतं. त्यात लोहाच्या गोळ्यांनी संडास काळी होते, म्हणून काळी दिसली तरी "गोळीचंच असेल" असं वाटून जातं. संडासची सवय महिनाभर बदललेली, वजन उतरलेलं, घरात आईवडिलांना किंवा भावंडांना हा आजार झालेला, असं काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. ते बोटाने तपासतात, मिनिटभराचं काम असतं. बाई डॉक्टर हवी, असं चिठ्ठी काढतानाच सांगता येतं. सोबत सुनेला न्या, नाहीतर शेजारणीला. आणि आशाताई तिशीपुढच्यांचा फॉर्म भरायला आल्या, तर "मले काही नाही झालं" म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका.