बोर्डात कोण बसणार, याआधी विचारा: हिशेब कोणाला देणार?

भंडाऱ्यात, तुमसरला किंवा पवनीला जुम्याच्या नमाजनंतर वक्फ कायद्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आता वक्फ बोर्डात गैरमुस्लिम बसणार का?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या गलक्यात दुसरा प्रश्न दबून गेला आणि तो जास्त मोठा आहे. बोर्डावरच्या माणसाला तिथे बसवतो कोण आणि उठवू शकतो कोण? कारण वक्फच्या पैशाचा हिशेब तो त्यालाच देणार.

आधी कायदा बघू. १९९५ च्या वक्फ कायद्यातील कलम १४ नुसार राज्य बोर्डात निवडून येणारे सदस्य होते. राज्यातले मुस्लिम खासदार, मुस्लिम आमदार, बार कौन्सिलचे मुस्लिम सदस्य आणि वर्षाला एक लाख किंवा त्याहून जास्त उत्पन्न असलेल्या वक्फांचे मुतवल्ली, असे चार मतदारगट. नेमलेले सदस्यही असत, पण निवडून आलेल्यांची संख्या त्यांच्यापेक्षा जास्त असावी, असा नियम होता. अध्यक्ष सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचा आणि त्याच्यावर अविश्वास ठराव आणायची सोय कलम २०-अ मध्ये होती.

८ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे सगळे मोडीत काढले. आता बोर्ड जास्तीत जास्त अकरा जणांचे, आणि अकराही जण राज्य सरकारने नेमलेले. अध्यक्ष सरकारचा. अविश्वास ठरावाचे कलम वगळले. मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्वी बोर्डाने सुचवलेल्या दोन नावांतून नेमला जायचा, आता सरकार थेट नेमणार. मुतवल्लींनी बोर्डाला द्यायच्या वार्षिक वर्गणीची मर्यादा सात टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणली. या बदलांकडे एकत्र बघा. मत गेले, अध्यक्षाला हटवण्याचा हक्क गेला, अधिकारी निवडण्यातला वाटा गेला आणि स्वतःचे उत्पन्नही घटले. सरकारकडे तोंड करून उभे राहण्यावाचून अशा बोर्डाला दुसरा मार्ग उरत नाही.

१५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने राज्य बोर्डात गैरमुस्लिम सदस्य तीनपेक्षा जास्त नसावेत, असे म्हटले आणि मुख्य कार्यकारी अधिकारी शक्यतो मुस्लिम असावा, असेही सुचवले. आपल्यातल्या अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला. मला मात्र तो अपुरा वाटतो. समजा उद्या सरकारने नियमात बसतील तेवढेच गैरमुस्लिम घेतले आणि बाकी सगळे मुसलमान नेमले, पण प्रत्येक जण मंत्र्याच्या मर्जीतला निघाला, तर आपण काय कमावले? नाव अब्दुल असो की अनिल, ज्याची खुर्ची मंत्रालयातून आली त्याची मान मंत्रालयाकडेच वळणार.

हा फक्त मुसलमानांचा अनुभव नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाची व्यवस्थापन समिती २००४ च्या कायद्यानुसार राज्य सरकार नेमते. २०१८ मध्ये याच संस्थानाने निळवंडे कालव्यांसाठी सरकारला ५०० कोटी रुपये बिनव्याजी देण्याचा निर्णय झाला. कालवे गरजेचे असतील, पण ती जबाबदारी राज्याच्या तिजोरीची होती. भक्तांनी वाहिलेला पैसा त्यासाठी वापरावा का, हे भक्तांना कोणी विचारले नाही. पुढे २०२२ मध्ये सरकारने नेमलेली समिती उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. नेमणुकीचे राजकारण देवस्थानालाही सोडत नाही आणि वक्फलाही सोडणार नाही. म्हणून हा लढा शिर्डीच्या सामान्य भक्ताचाही आहे, हे आपण त्याला सांगायला हवे.

सरकारवर अवलंबून राहण्याची चव आपण एकदा घेतलीही आहे. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र राज्य वक्फ बोर्डाला १० कोटी रुपये देण्याचा शासन निर्णय निघाला. निवडणूक निकालानंतरचे काळजीवाहू सरकार तेव्हा होते. आरडाओरड झाली आणि दुसऱ्याच दिवशी तो निर्णय मागे घेतला गेला. पैशाची गरज खरी होती की नाही, बोर्ड तो कशावर खर्च करणार होते, यावर चर्चाच झाली नाही. एका कागदाने आले, दुसऱ्या कागदाने गेले.

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्याला बोचणारी आहे. जुनी पद्धत चांगली चालली होती असे मी म्हणणार नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार देशातल्या नोंदणीकृत वक्फ मालमत्ता ४.९ लाख होत्या. त्यांची बाजारातली किंमत १.२ लाख कोटी रुपये धरली होती आणि वर्षाचे उत्पन्न फक्त १६३ कोटी. त्या वेळी नवा कायदा नव्हता. मुळशी तालुक्यातील माण इथली ताबूत इनाम एंडोमेंट ट्रस्टची जमीन आयटी पार्कसाठी संपादित झाली. तिचा सुमारे ७ कोटी ७६ लाखांचा मोबदला बनावट कागद दाखवून उचलल्याच्या आरोपावरून पुण्यात ऑगस्ट २०२१ मध्ये गुन्हा दाखल झाला. तेव्हाही जुनाच कायदा होता. हेच सरकार पुढे करते आणि म्हणते, बघा, तुम्हाला सांभाळता येत नाही.

यावर आपले उत्तर "आमच्या घरात डोकावू नका" असे असूच शकत नाही. चोरी पकडायची तर हिशेब कडक करा, तपासणी दरवर्षी करा, महालेखापरीक्षकांकडून करा, आमची हरकत नाही. उलट मागणी आहे. पण हिशेब कडक करण्यासाठी मत काढून घ्यावे लागते, हे कोणत्या तर्कात बसते? जिल्हा बँकेत घोटाळा झाला म्हणून सभासदांचा मताधिकार कायमचा रद्द करा, असे कोणी म्हणत नाही. दोषीला शिक्षा होते, काही काळ प्रशासक येतो आणि पुन्हा निवडणूक होते.

आणि जुन्या मतदारयादीत आपण भंडाऱ्याचे लोक होतो तरी कुठे? २०२४ च्या विधानसभेत निवडून आलेल्या १० मुस्लिम आमदारांत पूर्व विदर्भातला एकही नाही. लहान गावातली मशीद, कब्रस्तान, पीरबाबांची दर्गा, यांचे वर्षाचे उत्पन्न लाखाच्या खाली, म्हणून त्यांच्या मुतवल्लीलाही मत नाही. बोर्डाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरात, पाणचक्कीला. नव्या कायद्यात नगरपालिका किंवा पंचायतीतून निवडून आलेले दोन किंवा अधिक मुस्लिम सदस्य घेण्याची तरतूद आहे. ऐकायला बरी वाटते. साकोलीचा एखादा नगरसेवकही बोर्डात जाऊ शकेल. पण त्याला पाठवणार आपण नाही, सरकार. महिलांचेही तसेच. दोन महिला सदस्यांची अट २०१३ च्या दुरुस्तीतच आली होती. ती आता नवी देणगी म्हणून मिरवली जाते आहे.

महिलांवरून आठवले. खैबरची जमीन हजरत उमर यांनी वक्फ केली, ती हकिकत आपल्याला मदरशात शिकवतात. मूळ जमीन विकायची नाही, वारसांना वाटायची नाही, उत्पन्न गरजूंना द्यायचे, आणि सांभाळणाऱ्याने स्वतःसाठी रास्त तेवढेच घ्यायचे. आपल्यामागे ती सांभाळायची जबाबदारी त्यांनी आपली मुलगी हजरत हफ्सा यांच्यावर सोपवली होती. म्हणजे पहिल्या काही वक्फांपैकी एकाची मुतवल्ली स्त्री होती. आपल्या गावच्या किती कमिट्यांत आज एक तरी बाई आहे? बाहेरच्यांना लोकशाही शिकवण्याआधी हा आरसा बघायला हवा.

तेव्हा मागणी काय? पूर्वीचे बोर्ड जसेच्या तसे परत द्या, एवढीच मागणी असेल तर ती मूठभर मोठ्या मुतवल्लींची मागणी ठरेल. आपण मागायचे ते असे: नोंदणीकृत प्रत्येक वक्फला मत, मग त्याचे उत्पन्न कितीही असो, नागपूर विभागासाठी राखीव जागा, अध्यक्षाला हटवण्याचा हक्क परत, आणि बोर्डाच्या प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त व जमा-खर्च मराठी आणि उर्दूत जाहीर. बोर्डाच्या कामाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे कलम ९८ नुसार राज्य सरकारवर बंधनकारक आहे. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, भंडाऱ्याहून दीड तासावर. आपल्या आमदाराला एवढे तरी विचारा की तो अहवाल शेवटचा कधी मांडला गेला आणि तुम्ही तो वाचला का.

आणि घरापासून सुरुवात. पुढच्या जुम्याला आपल्या मशिदीच्या कमिटीला अदबीने चार गोष्टी विचारा. आपली जागा वक्फ म्हणून नोंदलेली आहे की धर्मादाय आयुक्तांकडे? कलम ४६ प्रमाणे गेल्या तीन वर्षांचे हिशेब बोर्डाला दिले का? वर्गणी भरली का, पावती कुठे आहे? आणि चौथी गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी सर्वात महत्त्वाची. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाने वैनगंगाकाठची गावे उठवली, पुढे महामार्ग रुंद झाला. त्यात गावच्या दर्ग्याची किंवा कब्रस्तानाची जमीन गेली असेल, तर मोबदला कोणाच्या नावे, कोणत्या खात्यात जमा झाला? वक्फ जमीन संपादित होताना बोर्डाला कळवावे लागते, असे कलम ९१ सांगते. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

काही बुजुर्ग म्हणतील, "बेटा, आपलीच धुणी चौकात कशाला धुतोस, दुश्मनाला हत्यार मिळेल." चाचा, हत्यार त्यांना आपल्या गप्प राहण्यानेच मिळाले. वक्फ ही अमानत आहे. ज्याच्याकडे अमानत आहे त्याला जाब विचारणे म्हणजे बेअदबी नव्हे. आपण मुतवल्लीला तो विचारायला शिकलो, तरच मंत्र्याला विचारताना आवाज कापणार नाही.