सहल कोणाची?



मे महिन्यात आमच्या नेरुळच्या गटाची बैठक विषय सोडून सहलीच्या हिशेबात शिरली. खोपोलीजवळचं इमॅजिका की इथलंच महापालिकेचं वंडर्स पार्क? पनवेलहून खोपोलीला एसटी आहे, मार्च २०२३ पासून आपल्याला निम्मं तिकीट. पण इमॅजिकाच्या चौघांच्या प्रवेशातच कित्येकींचा महिन्याचा किराणा येतो. तेव्हा वंडर्स पार्क. २०१२ सालचं, ताजमहालासकट सात आश्चर्यांच्या प्रतिकृतींचं.

मग बचतीच्या युक्त्या निघाल्या. पोळी-भाजी घरची, पाणी घरचं, खाऊ आदल्या रात्री तळायचा. मी कागदावर लिहीत होते. प्रत्येक बाबीपुढे ती करणारीचं नाव घातलं, तर सगळी नावं बायकांचीच! म्हणजे वाचलेला पैसा आमच्या पहाटे चारच्या उठण्यातून आलेला. हिशेबात त्याला रकाना नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७.

एकजण म्हणाली, "तीनदा गेले अशा ठिकाणी. पाळण्यात एकदाही बसले नाही. पिशव्या कोण सांभाळणार?" आम्ही हसलो, मग गप्प झालो.

ठरलं ते असं: पिशव्यांपाशी पाळीपाळीने बसायचं, पहिली पाळी पुरुषांची. डबाही त्यांनीच करायचा. "आमच्यांना पोळ्या येत नाहीत," असं दोघींनी सांगितलं. मग ब्रेड-चटणी नेऊ. घरी हे कसं काढायचं, यावर मात्र अजून बोलणं चालू आहे.